साथ गेली, दवाखान्यात काय उरलं? (मांडवी १८९६ ते नवी मुंबई २०२०)

नवी मुंबईचा इतिहास म्हटलं की आपण १९७० पासून सुरुवात करतो. सिडको, जमीन संपादन, खाडीपूल, मग एकेक नोड. पण या शहराच्या आरोग्याचा इतिहास सांगायचा तर सुरुवात १८९६ च्या सप्टेंबरात, मुंबईतल्या मांडवीत करावी लागेल असं मला वाटतं.

मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याची गोदामं, दाटीवाटीच्या चाळी आणि उंदीर. तिथं डॉ. अकासियो व्हिएगस नावाचे मूळचे गोव्याचे एक डॉक्टर प्रॅक्टिस करत होते. तापाने फणफणलेले, जांघेत गाठ आलेले रुग्ण एकामागून एक पाहून त्यांनी निदान केलं, की हा प्लेग आहे.

आता पुढची गंमत बघा. मांडवी आणि मशीद बंदर भागातला धान्य-मसाल्याचा घाऊक व्यापार १९८० आणि ९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने खाडी ओलांडून आपल्याकडे आला. तुर्भे-वाशीची एपीएमसी ती हीच. आणि मे २०२० मध्ये नवी मुंबईत कोरोनाचे आकडे चढायला लागले, तेव्हा महापालिकेची सगळ्यात मोठी डोकेदुखी ठरली तीसुद्धा हीच बाजारपेठ. ११ मे पासून आठवडाभर कांदा-बटाटा, भाजी, फळं, धान्य आणि मसाला हे पाचही बाजार बंद ठेवावे लागले.

जिथं माल उतरतो, जिथं हजारो माथाडी, ड्रायव्हर आणि व्यापारी रोज एकमेकांना खेटून काम करतात, तिथं साथ आधी पोचते. सव्वाशे वर्षांत रोग बदलला, जागा बदलली, पण हे गणित बदललं नाही. म्हणूनच मी गेले काही दिवस जुन्या साथींबद्दल जे मिळेल ते वाचतोय. माझा प्रश्न एकच आहे. साथीच्या काळात दवाखाने, महापालिका, अधिकारी काय करतात हे आपण पाहिलं. पण साथ गेल्यावर त्यातलं टिकतं काय, आणि ते कशामुळे टिकतं?

पोस्ट मोठी आहे. निवांत वाचा.

१. आधी खरं सांगणं

व्हिएगस यांनी निदान केलं म्हणून सगळे लगेच कामाला लागले, असं झालं नाही. प्लेग हा शब्द उच्चारायलाच प्रशासन कचरत होतं. कारण उघड आहे. मुंबईत प्लेग आहे असं जगाला कळलं की बंदरातून निघणाऱ्या जहाजांवर बंधनं येणार, कापसाचा व्यापार अडकणार. शेवटी व्हायचं ते झालंच. १८९७ मध्ये व्हेनिसला युरोपातल्या सरकारांची खास परिषद भरली, ती याच प्लेगसाठी.

कबूल करायला उशीर केला, आणि कबूल केल्यावर एकदम दुसऱ्या टोकाला गेले. ६ ऑक्टोबर १८९६ ला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी आदेश काढला. रुग्णाला घरातून उचलून इस्पितळात नेण्याचा अधिकार यंत्रणेला मिळाला. लोकांनी इस्पितळाचा अर्थ 'तिथं नेतात आणि माणूस परत येत नाही' असा लावला. २९ ऑक्टोबरला सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला.

पुण्याच्या रँडची गोष्ट आपल्याला शाळेपासून पाठ आहे. मुंबईची ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. ती सांगायला हवी, कारण तिचा शेवट वेगळा आहे. मुंबईत प्रशासनाने दुसऱ्याच दिवशी पाऊल मागे घेतलं आणि सक्ती सैल केली. यामागे उदारपणा नव्हता, धास्ती होती. स्नो यांना भीती होती की सक्तीला घाबरून शहरातले सफाई कामगार निघून जातील. ते गेले तर मुंबईत एक आठवडाही राहता येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मला हा सगळा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. इतक्या मोठ्या साम्राज्याच्या अधिकाऱ्याला कळून चुकलं, की शहराचं आरोग्य सर्जन जनरलच्या खुर्चीवर उभं नाही. ते मैला उचलणाऱ्या माणसाच्या राहण्या-न राहण्यावर उभं आहे.

१८९७ मध्ये जनरल गेटेकर यांच्या प्लेग कमिटीने पुन्हा कडक धोरण घेतलं. मार्च १८९८ मध्ये मुंबईत पुन्हा दंगल झाली. पण मधल्या काळात एक शहाणपणाची गोष्ट घडली होती. निरनिराळ्या समाजांना स्वतःची प्लेग रुग्णालयं काढायची मुभा दिली गेली. आपल्या माणसांनी चालवलेल्या ठिकाणी रुग्ण स्वतःहून जायला लागले. आणि ज्या आर्थर रोडच्या रुग्णालयावर दगड पडले होते, तिथं डॉ. नसरवानजी चोक्सी वर्षानुवर्षं प्लेगचे रुग्ण तपासत राहिले.

ते रुग्णालय म्हणजे आजचं कस्तुरबा. मार्च २०२० मध्ये मुंबईचे पहिले कोरोना रुग्ण जिथं दाखल झाले ते हेच. १२४ वर्षांनी दार तेच.

२. मागे उरलं ते काय?

प्लेगने माणसं लाखोंनी मारली. पण जाताना त्याने मुंबईत तीन गोष्टी ठेवल्या.

पहिली, कायदा. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा. जेमतेम चार कलमांचा. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने हाच कायदा बाहेर काढला, त्याखाली नियम केले आणि आपण सगळे घरात बसलो.

दुसरी, प्रयोगशाळा. वाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात थोडी जागा, हाताशी एक कारकून आणि तीन शिपाई. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी स्वतः तयार केलेली लस स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

पण याच हाफकिनचं पुढे काय झालं तेही वाचा. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचलेली १९ माणसं धनुर्वाताने गेली. ठपका थेट मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आलं. बाटली गावात उघडताना ती दूषित झाली होती, हे नंतर पुढे आलं. निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. निर्दोष ठरले, पण मुंबईच्या प्रयोगशाळेचं प्रमुखपद काही परत मिळालं नाही. १९२५ मध्ये संस्थेला त्यांचं नाव दिलं.

साथीत ज्याला डोक्यावर घेतलं, त्यालाच साथ ओसरल्यावर एकटं पाडायचं ही आपली जुनी खोड आहे.

तिसरी गोष्ट, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, १८९८. दादर, माटुंगा, वडाळा, शीव हे आखीव भाग त्यातून उभे राहिले. मोहम्मद अली रोड, प्रिन्सेस स्ट्रीट काढले, म्हणे हवा खेळू दे. हवा खेळली, पण ज्यांच्या चाळी पाडल्या त्या सगळ्यांना त्या नव्या घरांत जागा मिळाली नाही. दाटी फक्त पुढच्या गल्लीत सरकली.

तरीही उरलं हे नक्की. कायदा उरला, प्रयोगशाळा उरली, वस्त्या उरल्या.

३. आणि जिथं काहीच उरलं नाही

आता १९१८ घ्या. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले पोलीस शिपाई तापाने आडवे झाले. पुन्हा बंदर, पुन्हा तीच जागा. जुलैत साथ ओसरल्यासारखी वाटली. सप्टेंबरात दुसरी लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. देशभरात गेलेल्यांचा अंदाज सव्वा कोटीपासून पुढे सुरू होतो.

यंत्रणा अपुरी पडली. बरेच डॉक्टर महायुद्धावर होते. मदतीला धावले ते ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक आणि ज्ञातीसंस्था. घरोघर औषध, दूध, कांबळी पोचवणं हे काम त्यांनी केलं.

त्यानंतर? प्लेगनंतर ट्रस्ट आला, प्रयोगशाळा आली. इन्फ्लुएंझानंतर त्या तोलाचं काय आलं ते शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. एवढी माणसं गेली आणि शहर विसरून गेलं.

का विसरलं? माझा अंदाज सांगतो. मुंबईच्या त्या साथीचे समाजवार मृत्युदर उपलब्ध आहेत. तेव्हाच्या सरकारी भाषेत ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटलंय त्यांच्यात हजारी ६१ हून जास्त मृत्यू. युरोपियनांमध्ये हजारी ८ च्या आसपास. प्लेगने व्यापार अडवला होता, जहाजं अडवली होती. त्यामुळे पैसेवाल्यांचा रेटा होता की काहीतरी कायमचं करा. इन्फ्लुएंझा चार-पाच महिन्यांत आला आणि गेला. ज्यांची माणसं गेली त्यांच्या आवाजाला किंमत नव्हती.

म्हणजे साथीनंतर काय उरतं हे साथ किती भयंकर होती यावर ठरत नाही. नंतर कोण विचारत राहतं यावर ठरतं.

४. आपली पाळी

आता आपल्या शहराकडे येऊ.

मार्च २०२० ला साथ आली तेव्हा नवी मुंबई महापालिकेचं वय होतं २८ वर्षं. १ जानेवारी १९९२ पासूनचा कारभार. श्रीमंत महापालिका म्हणून नाव. वाशी, नेरुळ, ऐरोलीला रुग्णालयांच्या मोठ्या इमारती. पण नेरुळ-ऐरोलीत इमारत आहे आणि डॉक्टर-नर्स पुरेसे नाहीत, ही तक्रार साथीच्या कितीतरी आधीपासूनची.

वाशीचं सार्वजनिक रुग्णालय कोरोनासाठी राखून ठेवलं. त्या वेळी दुसरा मार्ग दिसत नव्हता हे मान्य. पण डायलिसिसवाला, बाळंतीण, साप चावलेला, हार्टवाला यांना एका रात्रीत नवं दार शोधावं लागलं. तपासणीचे नमुने शहराबाहेर पाठवायचे आणि रिपोर्टची वाट बघत बसायचं. तोवर घरातले बाकीचे चारजण बाधित.

मग सिडकोचं वाशीचं प्रदर्शन केंद्र हजारावर खाटांचं कोविड केंद्र झालं. डॉ. डी. वाय. पाटील रुग्णालयाशी अतिदक्षता खाटांसाठी करार झाला. जुलैत आयुक्त बदलले. अण्णासाहेब मिसाळ गेले, अभिजित बांगर आले. ऑगस्टमध्ये नेरुळच्या मीनाताई ठाकरे रुग्णालयात महापालिकेची स्वतःची आरटी-पीसीआर प्रयोगशाळा सुरू झाली, दिवसाला १००० चाचण्यांची. ही प्रयोगशाळा दोन आठवड्यांच्या आत उभी राहिली. मला विचाराल तर त्या काळातला सगळ्यात चांगला निर्णय हाच, कारण रिपोर्ट लवकर आला की पुढची सगळी साखळी हलते.

दुसरी चांगली गोष्ट कमी दिसणारी होती. २३ नागरी आरोग्य केंद्रांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी आयुक्तांची रोज ऑनलाइन बैठक. तुमच्या भागात आज किती रुग्ण, किती संपर्क शोधले, कोण गेलं आणि का गेलं. मुख्यालयातला माणूस रोज घणसोली, दिघा, तुर्भे स्टोअरच्या डॉक्टरचं म्हणणं ऐकतोय, हे साध्या दिवसांत किती वेळा होतं? ज्या आशाताई, एएनएम, सफाई कामगार दारोदार फिरत होत्या, त्यांच्याकडची खबर त्याच वाटेने वर जात होती. स्नोसाहेबांना दंगलीनंतर जे कळलं, ते इथं रोजच्या बैठकीत कळत होतं.

तिसरी गोष्ट राज्य सरकारची. २१ मे २०२० च्या आदेशाने खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर ठरवले. साधी खाट दिवसाला ४००० रुपये, अतिदक्षता ७५००, व्हेंटिलेटरसह ९०००. पळवाटा होत्या, पीपीई किटच्या नावाने लूट झाली, सगळं खरं. तरी बिल घेऊन महापालिकेकडे जाता येतं आणि जास्तीचे पैसे परत मिळू शकतात, हे सामान्य माणसाने पहिल्यांदा अनुभवलं.

५. आणि नंतर?

प्रदर्शन केंद्रात आता पुन्हा प्रदर्शनं भरतात. भरायलाच हवीत, ते काही रुग्णालय नव्हे. खाटा उचलल्या याचं मला वाईट वाटत नाही. मला काळजी आहे ती माणसांची.

आमच्या ओळखीतली एक नर्स साथीच्या काळात एका कोविड केंद्रावर होती. तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर. पीपीई घालून आठ तास, पाणी प्यायची सोय नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, सोसायटीने फुलं दिली. रुग्ण कमी झाले तशी पुढची ऑर्डर आलीच नाही. अनुभवाच्या दाखल्यासाठी तिने दोन महिने चकरा मारल्या. आज ती एका नर्सिंग होममध्ये आहे. रुग्णाला पालथं झोपवून ऑक्सिजन कसा वाढवायचा, एका वेळी चाळीस माणसांवर नजर कशी ठेवायची, हे तिला येतं. ते ज्ञान सार्वजनिक यंत्रणेच्या पैशाने तयार झालं आणि सार्वजनिक यंत्रणेच्या बाहेर गेलं. अशा किती गेल्या असतील?

याचा अर्थ काय होतो ते शेजारच्या शहराने दाखवलं. ऐरोलीहून कळवा किती लांब आहे? ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. ५०० खाटांचं रुग्णालय, त्यात ठाण्याचं सिव्हिल रुग्णालय नव्या बांधकामासाठी पाडलेलं, म्हणून सगळा लोंढा कळव्यावर. तेव्हा कुठलीही साथ नव्हती. आणि त्या वेळी ठाण्याचे आयुक्त कोण होते? अभिजित बांगर. ज्यांच्या कामाबद्दल मी वर चांगलं लिहिलं तेच.

हे मी त्यांना दोष द्यायला लिहीत नाही. उलट म्हणायचंय ते हे, की एका चांगल्या अधिकाऱ्याच्या धडाडीवर रुग्णालय चालत नाही. अधिकाऱ्याची दोन-तीन वर्षांत बदली होते. टिकते ती मंजूर पदं, भरलेल्या जागा, रोजची सवय आणि लेखी नियम.

आणि आपल्या शहरात विचारायला होतं कोण? नवी मुंबई महापालिकेची निवडणूक एप्रिल २०२० मध्ये व्हायची होती. साथीमुळे पुढे गेली. मे मध्ये मुदत संपली आणि आयुक्त हेच प्रशासक झाले. पुढची पाच वर्षांहून जास्त काळ सभागृह नव्हतं. साथीच्या काळात ते एक वेळ समजू शकतं. पण साथीनंतरचं प्रत्येक अंदाजपत्रक, प्रत्येक भरती, प्रत्येक कंत्राट नगरसेवकांच्या चर्चेशिवाय मंजूर झालं. नगरसेवक फार हुशार प्रश्न विचारतात असा माझा दावा नाही. पण आपल्या वॉर्डातल्या दवाखान्यात डॉक्टर का नाही हे भर सभेत ओरडून विचारणारा माणूस लागतो.

६. मग आपण काय करायचं?

१९१८ सारखं विसरायचं नसेल तर विचारत राहायचं. मोर्चा नको, साधे प्रश्न पुरेत.

तुमच्या नागरी आरोग्य केंद्रात मंजूर पदं किती आणि भरलेली किती? माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो.

नेरुळच्या प्रयोगशाळेत आता कोणत्या चाचण्या होतात? डेंग्यू, लेप्टो, टीबी, स्वाइन फ्लूसाठी तिचा किती उपयोग होतो?

केंद्रांच्या डॉक्टरांशी आयुक्तांचं ते रोजचं बोलणं आता रोज नको, पण महिन्यातून एकदा तरी होतं का?

साथीत काम केलेल्या कंत्राटी नर्स, वॉर्डबॉय, तंत्रज्ञ यांची यादी महापालिकेकडे आहे का? उद्या गरज पडली तर फोन कुणाला करणार?

आणि एक गोष्ट तर आजच करता येईल. जानेवारी २०२१ मध्ये राज्याच्या नर्सिंग होम नोंदणी नियमांत बदल झाला. त्यानुसार प्रत्येक खासगी रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायला हवं. साथीतून उरलेल्या मोजक्या चांगल्या गोष्टींपैकी ही एक. पुढच्या वेळी कुणाला भेटायला रुग्णालयात गेलात की भिंतीकडे बघा. दिसलं नाही तर काउंटरवर विचारा, "दरपत्रक कुठं लावलंय?" उत्तर काय मिळतं ते खाली कमेंटमध्ये लिहा, नोडचं नाव टाकून. रुग्णालयाचं नाव आणि फोटो आत्ता नको, आधी नुसती मोजणी करू.

बेलापूरपासून दिघ्यापर्यंतच्या पन्नास-शंभर नोंदी झाल्या तर ती यादी घेऊन महापालिकेच्या आरोग्य विभागात जाता येईल. मी जायला तयार आहे. अजून दोन-चार जण हवेत.